ससाण्याचं काय?

मेधा सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात पशुधन विकास अधिकारी आहे. तिचे मामा वनखात्यातून आरएफओ, म्हणजे वनपरिक्षेत्र अधिकारी म्हणून निवृत्त झाले. आमच्या विदर्भात मामानं भाचीच्या पाया पडायची रीत आहे आणि मामा ती न चुकता पाळतात. एकदा पाया पडून झालं की दोघंही भांडायला मोकळे. मी मेधाचा नवरा, ना डॉक्टर ना जंगलातला माणूस. कूलरमध्ये पाणी भरायचं आणि ऐकायचं, एवढंच माझ्या वाट्याला येतं.

यंदाच्या भांडणाला कारण झालं एक चितळ. बुद्धपौर्णिमेला ताडोबाच्या बफरमध्ये मचाणावर रात्र काढून मेधा घरी आली ती धुमसतच. संध्याकाळी उजेड असताना पाणवठ्यावर एक मादी आली होती. तिच्या मानेवर मोठी जखम होती आणि दुर्बिणीतून पाहिलं तर जखमेत अळ्या वळवळत होत्या. पाण्याला तोंड लावायचं, मान झाडायची, पुन्हा तोंड लावायचं, असं तिचं चाललं होतं. मचाणावरचा वनरक्षक म्हणाला, मॅडम, बघायचं फक्त.

मेधा : हीच गाय असती तर मालकानं मला रात्री फोन केला असता. टर्पेंटाइनचा बोळा, चिमट्यानं अळ्या काढायच्या, वर एक इंजेक्शन, संपलं. चितळाला मालक नाही म्हणून त्यानं जिवंतपणी सडायचं का, मामा?

मामा : गाय दाव्याला बांधलेली असते. चितळ धरून दाखव आधी. भुलीचा डार्ट मारशील, ते उधळेल, काट्याकुट्यातून पळत सुटेल. अळ्यांनी आठ दिवसांनी मेलं असतं ते तुझ्या धसक्यानं आजच मरेल. तू डॉक्टर आहेस, तुला हे मी सांगायचं का?

मेधाला ते माहीत होतंच. धरपकडीच्या ताणानं हरणांचे स्नायू निकामी होतात, त्यातून निघालेली घाण मूत्रपिंडं बंद पाडते आणि वरून धडधाकट दिसणारं जनावर नंतर दगावतं. चितळ तर यासाठी बदनामच आहे. पण मेधा एका मुद्द्यावर हरली की दुसऱ्या दारानं आत येते.

मेधा : बरं, एकेकाला धरायचंच नाही. माशीला धरायचं. अमेरिकेत ते करून झालंय.

हा किस्सा मी आधीही ऐकला होता, तरी तो मला दर वेळी नवा वाटतो. स्क्रूवर्म नावाची एक माशी आहे. साध्या माशीच्या अळ्या मेलेलं मांस खातात, हिच्या अळ्या जिवंत मांस कुरतडत आत आत जातात. गोचिडीनं चावल्याची जागा, तारेचा ओरखडा, नुकत्या जन्मलेल्या पाडसाची ओली नाळ, एवढी वाट तिला पुरते. टेक्सासमध्ये गाईगुरांइतकीच रानातली हरणाची पाडसंही तिनं मरायची. एडवर्ड निपलिंग आणि रेमंड बुशलंड या दोन कीटकशास्त्रज्ञांच्या लक्षात आलं की या माशीची मादी आयुष्यात एकदाच नराशी जुगते. मग कारखान्यात कोट्यवधी माश्या वाढवायच्या, कोशात असताना किरणोत्सर्गानं त्यांना वांझ करायचं आणि विमानातून सोडून द्यायचं. वांझ नराशी जुगलेल्या मादीची अंडी फुकट जातात. १९५४ साली कुरसाव बेटावर हा प्रयोग यशस्वी झाला. पुढं १९८२ पर्यंत अमेरिका आणि त्यानंतर मेक्सिकोपासून पनामापर्यंतचा मुलूख या माशीतून मोकळा झाला.

मेधा : हा सगळा खर्च झाला तो गोठ्यातल्या गुरांसाठी. हरणांचा विचार कोणी केलाही नव्हता, पण फायदा त्यांनाही झाला. २०१६ मध्ये फ्लोरिडाच्या बेटांवर ती माशी पुन्हा आली. तिथलं ते बुटकं ‘की डिअर’ हरण, जगात एक हजारसुद्धा नसतील, त्यातली शंभरावर गेली. लोकांनी काय केलं ठाऊक आहे? ब्रेडच्या तुकड्यात औषध घालून हरणांना चारलं. कोणाला धरलं नाही, डार्ट मारला नाही. वरून वांझ माश्या सोडल्या. पुढच्या वर्षीच्या मार्चपर्यंत साथ संपली. तसलीच माशी आपल्याकडेही आहे, मामा. तिची चुलत बहीण. काल त्या मानेवर कदाचित तीच असेल.

मामा : अन् आता तुझ्या त्या अमेरिकेच्या माशीचं काय चाललंय? पनामात तिला अडवून धरणारा बांध फुटला ना? मी पण पेपर वाचतो. २०२४ च्या शेवटी मेक्सिकोत परत आली.

मेधा : आली. म्हणून परत कारखाने काढताहेत. गुरांना लस दरवर्षी टोचावी लागते म्हणून आम्ही टोचायचं सोडत नाही.

मामा : मी सोड म्हणत नाही. मी विचारतो ते वेगळंच. त्या माशीवर कोणाचं पोट अवलंबून नाही, हे तुला कोणी सांगितलं? डायक्लोफेनॅकवर गिधाडांचं मरण टांगलेलं आहे, हे तुम्हा डॉक्टरांना इंजेक्शन देताना माहीत होतं?

इथं मेधा गप्प झाली, कारण हा बाण नेमका तिच्या पेशाला लागला होता. गुरांचं दुखणं कमी व्हावं म्हणून दिलेलं औषध. पाय सुजलेल्या बैलाला त्यानं खरोखर आराम पडायचा. तोच बैल दोन दिवसांत मेला आणि गावाबाहेर टाकला गेला, तर त्याचं मांस खाणाऱ्या गिधाडाची मूत्रपिंडं बंद पडायची. २००४ साली पाकिस्तानातल्या गिधाडांवर काम करणाऱ्या लिंडसे ओक्स यांच्या गटानं हे कारण शोधून काढलं, २००६ मध्ये भारतानं जनावरांसाठी हे औषध बंद केलं. तोवर पांढऱ्या पाठीच्या गिधाडांतली शंभरातली नव्व्याण्णव संपली होती.

मेधा (जरा वेळानं) : ती दयेची चूक नव्हती, मामा. न तपासता औषध बाजारात आणल्याची चूक होती. तपासलं तेव्हा मेलॉक्सिकॅम सापडलंच की. बैलालाही आराम पडतो, गिधाडही मरत नाही.

मामा : तपासलं केव्हा? गिधाडं गेल्यावर. पोरी, मी नोकरीत एवढं शिकलो की जंगलात आपण एक गोष्ट करतो अन् चार होतात, त्यातल्या तीन आपल्याला दिसत नाहीत. जुन्नरचंच घे. बिबटे उसाच्या शेतात फिरतात म्हणून पकडून दूर नेऊन सोडले. लोकांनाही बरं, बिबट्यालाही बरं, असंच सगळ्यांना वाटलं. विद्या अत्रेय यांनी नीट अभ्यास केला तेव्हा काय निघालं? माणसांवरचे हल्ले कमी व्हायच्या ऐवजी वाढले होते.

एक गोष्ट मला इथं सांगावीशी वाटते. हे दोघं एकाच जनावराबद्दल बोलत नसतात. मामा बोलतात चितळांबद्दल आणि मेधा बोलते त्या चितळाबद्दल. वनखात्याचं सगळं शास्त्र कळप, प्रजाती, अधिवास यांचं आहे. गणना वाढली की काम झालं. पण प्रजातीला दुखत नाही, दुखतं एकेका जिवाला, आणि त्या दुखण्याचा रकाना कुठल्याच गणनेच्या तक्त्यात नसतो. वेळासच्या किनाऱ्यावर कासवाची पिल्लं समुद्रात सोडताना आपण टाळ्या वाजवतो. एका घरट्यात शंभरावर अंडी असतात आणि त्यांतली फारच थोडी पिल्लं मोठी होतात. बाकीच्यांचं काय होतं, हा प्रश्न त्या सोहळ्यात कोणी विचारत नाही. मीही विचारला नव्हता.

मेधानं आता बाजू फिरवली.

मेधा : ढवळाढवळ करायची नाही म्हणता. मग उन्हाळ्यात तुम्ही जंगलात टँकर का नेत होता? बोअर मारल्या, सोलर पंप बसवले, ते काय होतं? काल ती मादी ज्या पाण्यावर आली होती ते पाणीही पंपाचंच होतं.

मामा : ते जंगलाचं देणं होतं. जनावरं आधी उन्हाळ्यात नदीवर जायची. मधे आपण कोळशाच्या खाणी आणल्या, रस्ते आणले, कालवे आणले. वाट आपण अडवली, तर पाणी आपणच द्यायचं.

मेधा : दिल्यावर काय झालं ते मोजलं?

मामा : खरं सांगू? पाण्याला कोण येतं ते मोजलं, पाण्यामुळं काय झालं ते नाही मोजलं. दक्षिण आफ्रिकेत क्रूगर पार्क आहे ना, तिथं १९३० पासून बोअर मारत गेले. तीनशेच्या वर मारल्या. उत्तरेकडच्या कोरड्या भागात पाणी आलं तसे झेब्रे आले, झेब्र्यांमागं सिंह आले. अन् तिथं आधीपासून राहणारं रोअन नावाचं अँटिलोप, आठ वर्षांच्या आत साडेचारशेवरून पन्नासच्याही खाली आलं. मग तिथल्या लोकांनी बोअर बंद करायला सुरुवात केली. आपल्याकडे बंद करायची हिंमत कोणाची आहे? उन्हाळ्यात पाण्यावर वाघ दिसतो, तो बघायला माणसं येतात.

हे शेवटचं वाक्य मामा नोकरीत असताना बोलले नसते, असं मला वाटतं. निवृत्तीचे काही फायदे असतात.

मेधा : म्हणजे माणसानं केलेलं दुःख असेल तर हात घालायचा, आपोआप झालेलं असेल तर नाही. ट्रकनं मोडलेला पाय अन् दरीत घसरून मोडलेला पाय, चितळाला यातला फरक कळतो का?

मामा : चितळाला नाही कळत. मला कळतो. ट्रक आपला आहे, दरी आपली नाही.

मेधा : बिबट्या विहिरीत पडला की तुम्ही खाट सोडता.

मामा : विहीर माणसानं खोदलेली आहे. तिला कठडा बांधला नाही ही पण माणसाचीच हयगय.

मेधा : अन् माणसानं न खोदलेल्या डोहात पडला तर? वर यायला जागा नाही, रात्रभर पोहतोय, तुम्ही काठावर उभे आहात.

मामांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, “खाट सोडीन. पण अहवालात लिहिणार नाही.”

मेधा हसली. मलाही हसू आलं, पण या एका वाक्यात मामांची सगळी भूमिका सैल झाली हे आम्हा तिघांनाही कळलं होतं. समोर एक जनावर तडफडत असताना ‘हे निसर्गाचं आहे’ असं म्हणून पाठ फिरवणारी माणसं मी फार पाहिलेली नाहीत. तत्त्व म्हणून मात्र तेच वाक्य सगळे बिनदिक्कत म्हणतात.

तेवढ्यात मामांनी तिला कोंडीत पकडलं.

मामा : मग मला सांग, कोळसुणांचं काय करणार? सांबराला पाण्यात घेरतात अन् उभ्या उभ्या फाडायला लागतात. मेल्यावर खातात असं नाही. मी पाहिलंय. त्या सांबराचं दुःख तुझ्या अळ्यांपेक्षा कमी होतं का? जेफ मॅकमहान म्हणून कोणी अमेरिकन तत्त्वज्ञ आहे, त्यानं २०१० मध्ये लिहिलंय म्हणे, बाकीचं काही न बिघडवता मांसाहारी प्राणी हळूहळू नाहीसे करता आले तर तो विचार करायला हवा. तुझा तोच मार्ग आहे का?

मेधा : नाही. त्याच्या त्या ‘बाकीचं काही न बिघडवता’ या अटीतच सगळं अडतं. कोळसून काढले तर चितळं वाढतील, चारा संपेल, मग भुकेनं मरतील. भूक काही कमी क्रूर नसते. शिवाय कोळसुणाची पिल्लं बिळात वाट बघत असतात, ती पण माझीच पेशंट.

मामा : आता आलीस. लीळाचरित्रातला ससा तू नेहमी सांगतेस.

ती सांगतेच. शिकारीच्या कुत्र्यांपुढं पळत आलेला ससा चक्रधरस्वामींच्या मांडीखाली शिरला आणि स्वामींनी तो पारध्यांना दिला नाही. शाळेच्या पुस्तकात वाचलेली ही गोष्ट मेधाला तिच्या धंद्याची शपथ वाटते.

मामा : ती गोष्ट सोपी आहे. मागं माणसाची कुत्री होती, पैज लावून सोडलेली. त्यांच्या घरी भाकरी होती. अवघड गोष्ट शिबी राजाची आहे. कबुतर मांडीवर आलं, अन् मागून आलेला ससाणा म्हणाला, हे माझं अन्न आहे, माझी पोरं उपाशी आहेत. राजाला कबुतर वाचवायचं तर स्वतःचं मांस कापून द्यावं लागलं. आपल्या लोकांना ससाण्याची बाजू माहीत होती. तुमच्या दयेत ससाण्याला जागाच नसते. रणथंबोरची माछली वाघीण म्हातारी झाली, सुळे पडले, तर खात्यानं तिला सावज पुरवून जगवलं. २०१६ मध्ये गेली. सगळा देश रडला. तिच्यासाठी जे सावज गेलं त्याच्यासाठी कोण रडलं?

मेधा : हे मला मान्य आहे.

मामा : मान्य आहे?

मेधा : पूर्ण. म्हणूनच मी शिकारीत हात घालत नाही. जिथं एकाचं दुःख हेच दुसऱ्याचं जेवण आहे, तिथं मला काही कळत नाही. पण बुळकांडी कोणाचं जेवण होती?

बुळकांडीचं नाव काढलं की जुनी माणसं अजून गप्प होतात. गावच्या गाई-म्हशी चारआठ दिवसांत साफ करणारा हा रोग जंगलातही शिरायचा. १९६८ साली बंडीपूर आणि मुदुमलईतल्या गव्यांचे कळप त्यानं झोपवले. तोंडात फोड, रक्ताची हगवण, पाण्याच्या कडेला पडून मरायचं. गव्यांना कोणी लस टोचली नाही. गाईगुरांना टोचत गेले आणि गव्यांमधला रोगही हटला. भारतातली शेवटची नोंद १९९५ ची. २०११ मध्ये सगळ्या जगातून बुळकांडी गेल्याचं जाहीर झालं. माणसाच्या देवीनंतर मुळासकट उपटलेला हा दुसरा रोग. पूर्व आफ्रिकेत सेरेंगेटीच्या कडेच्या गुरांना लस दिली तर रानातले नू नावाचे प्राणी अडीच लाखांवरून तेरा लाखांच्या घरात गेले.

मामा : अन् ते तेरा लाख आता कशानं मरतात? कोरड्या दिवसांत उपासमारीनं. रोगानं मरणारे तू भुकेनं मरायला ठेवलेस. दुःख कमी झालं की नुसतं त्याचं नाव बदललं?

माझ्या मते पूर्ण वादातला हा सगळ्यात कठीण प्रश्न होता. मेधानं त्याचं उत्तर दिलं, पण ते पुरं पडलं असं मी म्हणणार नाही. ती म्हणाली, रोगानं मेलेलं वासरू आणि चार वर्षं चरून, पळून, पिल्लं देऊन मग एका दुष्काळात मेलेला नू यांचं आयुष्य सारखं नाही. खरं आहे. पण आयुष्य मिळालेल्यांची संख्या पाचपट झाली तर वाईट मरणंही वाढणारच, ती कशी मोजायची? मग तिनंच एक उदाहरण काढलं आणि ते तिच्या बाजूचं होतं की मामांच्या, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

नेदरलँड्समध्ये समुद्र हटवून काढलेल्या जमिनीवर ओस्टवार्डर्सप्लासन नावाचं रान राखलं होतं. रानटी घोडे, गुरं, तांबडी हरणं सोडली, भोवती कुंपण घातलं आणि ठरवलं की मधे पडायचं नाही. लांडगे नव्हते. संख्या पाच हजारांच्या वर गेली. २०१७-१८ च्या हिवाळ्यात गवत संपलं. लोक कुंपणावरून चाऱ्याच्या गासड्या आत फेकू लागले, मोर्चे निघाले, कर्मचाऱ्यांना धमक्या आल्या. तीन हजारांहून जास्त जनावरं त्या हिवाळ्यात गेली. त्यातली बहुतेक उपासानं मरायच्या बेताला आलेली पाहून रक्षकांनीच गोळ्या घालून मारली.

मेधा : मधे न पडण्याचा शेवट गोळीत झाला. हात न लावणं हाही एक निर्णय असतो, मामा, अन् त्याचा हिशेबही आपल्याच नावावर लागतो.

मामा : तिथं कुंपण होतं.

मेधा : ताडोबाला नाही? एका बाजूला खाणी, मधे रस्ते, पलीकडं कालवा, चारी बाजूंनी गावं. तारेचं नाही एवढंच.

मामांनी यावर वाद घातला नाही. त्यांची नोकरी त्या न दिसणाऱ्या तारेवरच गेली होती. त्यांनी फक्त विचारलं, “बरं, मग उद्या सकाळी तू काय करणार आहेस ते सांग.” वनखात्याच्या बैठकांत ही सवय लागते.

मेधाकडं उत्तर तयार होतं, बहुधा मचाणावरच जुळवलेलं. बफरमधल्या गावकुत्र्यांना डिस्टेंपर आणि रेबीजची लस. २०१८ मध्ये गीरमध्ये काही दिवसांत तेवीस सिंह मेले. पुण्याच्या विषाणू संस्थेनं नमुने तपासले तेव्हा डिस्टेंपर निघाला, जो कुत्र्यांतून जातो. मग घाईनं अमेरिकेहून लस आणावी लागली. युरोपात कोल्ह्यांचा रेबीज याहून अवघड होता, तर १९७८ मध्ये स्विस लोकांनी कोंबडीच्या मुंडक्यांत लस भरून ती रानात टाकली आणि कोल्ह्यांनी स्वतःच ती खाल्ली. रेबीजनं मरणारा कोल्हा कोणाचं भलं करून मरत नाही. ससाण्याच्या प्रश्नाला इथं जागा उरत नाही, आणि सुरुवात करायची तर अशाच ठिकाणी करावी, या मताचा मीही आहे. ही माझी पक्षपाती नोंद समजावी.

मामा : कुत्री आपली आहेत, तेव्हा हे मला चालतं. माझी एक अट आहे. आधी मोजायचं. लस द्यायच्या आधी कोल्हे किती, कोळसून किती, कुत्री किती, अन् मग पाच वर्षं मोजत राहायचं. कुत्री जगली, वाढली अन् जंगलात शिरून चितळाची पिल्लं फाडायला लागली, तर तुझ्या दयेचा डायक्लोफेनॅक होईल.

मेधा : म्हणून लसीबरोबर नसबंदी पण.

मामा : तिकडं अमेरिकेत रानटी घोड्यांना गर्भनिरोधक टोचतात, तसं पुढं चितळांनाही टोचशील.

मेधा : मोजून, तपासून, जमलं तर का नाही? जुन्नरच्या बिबट्यांसाठी बोलतातच की लोक.

मामा : बोलतात. माणसं मरतात म्हणून बोलतात, बिबट्याच्या सुखासाठी नाही.

मेधा : कारण काही का असेना. स्क्रूवर्म पण गुरांसाठीच काढला होता.

यावर मामा ‘हं’ म्हणाले. त्यांचं ‘हं’ होकार नसतो, नकारही नसतो. मग त्यांनी कागद मागितला आणि बफरमधल्या गावांची नावं एकाखाली एक लिहायला घेतली. कुठल्या गावात कुत्री जास्त, कुठला सरपंच मदत करील, कुठं लस टोचायला गेलं तर लोक कोंबड्या चोरायला आले समजून हाकलतील, हे त्यांना तोंडपाठ होतं.

यादी होत आली तेव्हा लसीचे पैसे कोणी द्यायचे हा विषय निघाला. मेधाचं म्हणणं, जंगलाला फायदा म्हणून वनखात्यानं द्यावेत. मामांचं म्हणणं, कुत्री गावची, तेव्हा पैसे जिल्हा परिषदेचे. दोघंही आपापल्या खात्याच्या बाजूनं भांडायला लागले आणि चितळाचा विषय त्या दिवसापुरता मागं पडला.